विकास शुल्क भरले. वाहिनी नऊ इंचीच

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईतील पुनर्विकासाविषयी आपल्या दैनिकात जे छापून येते ते मी नेमाने वाचतो. किती मजले वाढले, सदनिकाधारकांना किती जादा चौरस फूट मिळाले, भाडे थकले म्हणून कोणाचे बिऱ्हाड उघड्यावर आले, हे सारे त्यात असते आणि ते असायलाही हवे. एक गोष्ट मात्र क्वचितच चर्चेला येते. वाढीव बांधकामाची परवानगी देताना विकासकाकडून जी निरनिराळी शुल्के आणि अधिमूल्ये (वाढीव बांधकामाची किंमत) वसूल केली जातात, ती ज्या वस्तीच्या नावाने घेतली जातात त्या वस्तीत कधी परत येतात का, हा तो प्रश्न. मी पूर्व उपनगरातील म्हाडाच्या एका वसाहतीत बेचाळीस वर्षे राहतो. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा नऊ वर्षे सचिव होतो आणि पुनर्विकासाची फाईल पहिल्या विशेष सर्वसाधारण सभेपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत, म्हणजे राहायला जाण्याच्या परवानगीपर्यंत, माझ्याच कपाटात होती. त्या आधारावर हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे. लांबले तर काटछाट करण्याचा आपला अधिकार मान्य आहेच.

आधी गल्लीत काय दिसते ते सांगतो. आमची जुनी इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची होती आणि तीत ३२ बिऱ्हाडे राहत. आज त्याच जागी २१ मजली इमारत उभी आहे आणि तीत ११८ सदनिका आहेत. घरटी पाच माणसे धरली आणि माणशी दिवसाला १३५ लिटर हे नियोजनात वापरले जाणारे प्रमाण लावले, तर पूर्वी आमच्या इमारतीला दिवसाला साधारण साडेएकवीस हजार लिटर पाणी लागत असे. आता तो आकडा ऐंशी हजारांच्या घरात जातो. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे जिथे सतरा हजार लिटर वाहत होते तिथे आता चौसष्ट हजार लिटर वाहते, आणि हा हिशेब एकट्या आमच्या इमारतीचा झाला. गल्लीत अशा पाच इमारती पुनर्विकासाला गेल्या आहेत. नवी इमारत रस्त्यावरच्या मलवाहिनीला जोडण्यासाठी कंत्राटदाराच्या माणसांनी खड्डा घेतला त्या दिवशी मी मुद्दाम तिथे उभा होतो. मुकादमाने टेप लावून दाखवली, नऊ इंच. वसाहत बांधली तेव्हा घातलेली तीच वाहिनी. ‘‘काका, वर सगळं नवीन, खाली सगळं आजोबांच्या वेळचं,’’ असे म्हणून तो हसला आणि त्याने चेंबरवर झाकण सरकवले. ते झाकण आता सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, सगळ्या घरांतल्या आंघोळी एकदम चालू असताना, जागच्या जागी डुगडुगताना दिसते. कडेने काळे पाणी येते, कोपऱ्यावरचा गिरणीवाला दळण घेऊन येणाऱ्यांसाठी फळी टाकून ठेवतो आणि दुपारी सक्शनची गाडी येऊन तेवढ्यापुरता निचरा करून जाते.

आता दुसरा कागद पाहू. विकासकाच्या वास्तुविशारदाने परवानगीच्या वेळी आलेल्या मागणीपत्राची एक प्रत संस्थेच्या दप्तरासाठी दिली होती, ती माझ्याजवळ आहे. छाननी शुल्क, विकास शुल्क, तेही जमिनीवरचे वेगळे आणि बांधकामावरचे वेगळे, फंजिबल चटई क्षेत्राचे, म्हणजे मूळ मर्यादेवर पैसे भरून मिळणाऱ्या बांधकामाचे, अधिमूल्य, जिना, लिफ्ट आणि लॉबीचे अधिमूल्य, इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा कमी पडली म्हणून भरायचे अधिमूल्य, पायाभूत सुविधा शुल्क, बांधकाम कामगारांसाठीचा एक टक्का उपकर, शिवाय अनामत रकमा. दोन पानांची ती यादी वाचताना मला प्रथम वाटले की एवढ्या पैशांत गल्लीतली मलवाहिनीच काय, सबंध रस्ता नवा होईल. वाहिनी आणि रस्ता या दोहोंसाठी आमच्या भागातून जमलेल्या रकमेपैकी किती खर्च झाले, असे मी माहितीच्या अधिकारात विचारले. संबंधित कार्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुसऱ्या कार्यालयाने वेगळे उत्तर दिले असते असे मला वाटत नाही. उत्तर मुदतीत आले आणि एका ओळीचे होते: अशी माहिती विभागवार संकलित स्वरूपात ठेवली जात नाही.

माझ्या तक्रारीचे मूळ त्या एका ओळीत आहे. पैसे खाल्ले गेले असा आरोप मी करीत नाही, तसे म्हणायला माझ्याकडे काही आधारही नाही. पैसा कुठून आला हे पै-पैसह लिहिलेले असते, कारण त्याशिवाय पुढची परवानगी मिळत नाही. तो कुठे गेला हे मात्र त्या जागेच्या नावाने लिहून ठेवण्याची कोणावर सक्तीच नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये १९९२ साली विकास शुल्काचे एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि कलम १२४-अ पासून पुढे नियोजन प्राधिकरणांना जमिनीच्या वापरावर आणि बांधकामावर शुल्क आकारण्याचा अधिकार मिळाला. सार्वजनिक सुविधा पुरवणे आणि आपल्या क्षेत्राची देखभाल व सुधारणा करणे यांसाठी हे शुल्क आहे. पुढे त्याचे दर रेडी रेकनरशी, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरपत्रकाशी, जोडले गेले, म्हणजे जमिनीचा भाव वाढला की शुल्क आपोआप वाढते. मेट्रोसारख्या वाहतूक प्रकल्पांसाठी ते दुप्पट करण्याची तरतूदही नंतर झाली. आणि एवढे असूनही १ एप्रिल २०२२ पासून मुंबईत सदनिका घेणारा माणूस मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार भरतोच. मेट्रो हवी, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण शहरभरच्या प्रकल्पासाठी पैसा उभा करायचा म्हटले की त्याचे नाव, टक्केवारी आणि खाते लगेच ठरते. गल्लीतल्या वाहिनीचे मात्र नावही कोणत्या खात्यात सापडत नाही.

म्हाडा वसाहतींच्या बाबतीत तर नियम आणखी स्पष्ट आहे आणि तो आमच्यासारख्या सामान्य सभासदांना ठाऊक नसतो म्हणून इथे सांगतो. विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(५) या विनियमाखाली जे वाढीव चटई क्षेत्र मिळते त्यावर जमिनीच्या दराच्या ७ टक्के इतके पायाभूत सुविधा शुल्क घेतले जाते, आणि त्यातील सातापैकी पाच हिस्से वसाहतीबाहेरच्या आवश्यक सुविधांसाठी महापालिकेकडे जातात. हिशेब सोपा आहे. जमिनीचा दर चौरस मीटरला एक लाख रुपये आहे असे समजू. वाढीव बांधकामाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे सात हजार रुपये शुल्क झाले. त्यातले पाच हजार महापालिकेला आणि दोन हजार म्हाडाला. तीन हजार चौरस मीटर वाढीव बांधकाम झाले तर दोन कोटी दहा लाख जमले, त्यातले दीड कोटी महापालिकेचे. एका इमारतीचे दीड कोटी, आणि गल्लीत पाच इमारती. नियम करणाऱ्याने इतका विचार केला की पैसा कोणत्या प्रमाणात वाटायचा हे सातव्या हिश्शापर्यंत ठरवले. त्यालाच पुढे एक वाक्य जोडून ही रक्कम त्याच वसाहतीच्या वाहिन्या, रस्ते आणि पाण्यासाठी अमुक मुदतीत खर्च करावी असे म्हणता आले असते.

‘‘हे पैसे बिल्डर भरतो, तुमचे काय जाते?’’ असे आमच्या सभेतही एक सभासद म्हणाले होते आणि बहुतेकांना ते पटलेही होते. मला वाटते की पुनर्विकासाबद्दलचा हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. नव्या सदनिकेचा भाव विकासकाला काय भरावे लागले यावर ठरत नाही. त्या भागात गिऱ्हाईक किती द्यायला तयार आहे यावर तो ठरतो. शुल्क वाढले म्हणून शेजारच्या इमारतीपेक्षा चढा भाव लावता येत नाही. मग विकासक ते कुठून काढतो? जमीन ज्याची आहे त्याला जे द्यायचे त्यातून. मोकळ्या भूखंडावर तो फटका जमीनमालकाला बसतो. सोसायटीच्या पुनर्विकासात जमीनमालक म्हणजे आम्ही बत्तीस सभासद. निविदा मागवल्या तेव्हा तीन विकासकांनी त्यांचे ताळेबंद आमच्यासमोर मांडले होते. तिघांच्याही कागदावर शासकीय देय रकमांचा रकाना भरला की खालच्या रकान्यात सभासदांना मिळणारे जादा क्षेत्र आणि कॉर्पस, म्हणजे विकासकाकडून मिळणारा निधी, आक्रसत होते. फंजिबल क्षेत्रातला जुन्या सभासदांच्या वाट्याचा भाग अधिमूल्याशिवाय मिळतो, तेवढी सवलत आहे, आणि ती मी नाकारत नाही. पण एकंदरीत मागणीपत्रावर विकासकाची सही असली तरी रक्कम आमच्या खोल्यांच्या आकारातून वजा झालेली असते. म्हणून तिचा हिशेब मागण्याचा पहिला हक्क जुन्या रहिवाशांचा आहे असे मी मानतो, आणि त्याच्या मागोमाग नव्या रहिवाशांचा, कारण वाहिनी तुंबली की अकराव्या मजल्यावरचा आणि पहिल्या मजल्यावरचा असा भेद उरत नाही.

इथे शुल्क आणि अधिमूल्य यांतला फरक सांगणे जरूर आहे, कारण वर्तमानपत्रांतही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. शुल्क हे तुमच्या इमारतीमुळे शहरावर जो भार पडतो त्यापोटी घेतलेले असते. अधिमूल्य ही चटई क्षेत्राची किंमत असते. जानेवारी २०१२ मध्ये फंजिबल निर्देशांक आला तेव्हा बाल्कनी, फुलझाडांचे कट्टे वगैरे नावांखाली चालणारी फुकटची लूट बंद झाली, हे त्या सुधारणेचे श्रेय दिलेच पाहिजे. निवासी इमारतीला ३५ टक्के वाढीव क्षेत्र आणि त्यासाठी रेडी रेकनरच्या ६० टक्के अधिमूल्य, असा तेव्हा व्यवहार ठरला. पुढे दर कमीजास्त होत गेले. पण त्या व्यवहारात नियोजन प्राधिकरण दुकानदार झाले. दुकानदाराला माल जास्त खपलेला हवा असतो. ज्या संस्थेने एखाद्या गल्लीत आणखी किती माणसे मावतील हे तटस्थपणे ठरवायचे, तिच्याच तिजोरीत प्रत्येक जादा चौरस मीटरमागे पैसे पडतात, मग ‘इथे आता पुरे’ असे तिने कधी आणि का म्हणावे? मोकळी जागा कमी पडल्याबद्दलचे अधिमूल्य तर मला आजतागायत समजलेले नाही. इमारतीभोवतीची मोकळी जागा अग्निशमनाचा बंब फिरावा, खालच्या मजल्यांना उजेड-वारा मिळावा म्हणून असते. पैसे भरल्याने वारा येत नाही.

महापालिकेच्या उत्पन्नाचा कल पाहिला की ही दुकानदारी वाढतच जाणार असे दिसते. जकात १ जुलै २०१७ रोजी गेली आणि तिच्या जागी राज्य सरकारकडून मिळणारी भरपाई आली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याची घोषणा जानेवारी २०२२ मध्ये झाली. माझ्यासारख्या अनेकांना तिचा लाभ झाला आणि तो नको असे म्हणण्याचा मोठेपणा माझ्यात नाही. पण दरवर्षी येणारे उत्पन्न असे आकसले की एकदाच येणाऱ्या रकमेवर भिस्त वाढते. चटई क्षेत्र एकदा विकले की विकले. त्याचे पैसे एकदा येतात आणि त्यातून आलेली माणसे मात्र पन्नास वर्षे राहतात. त्यांच्यासाठी कचरागाडी रोज लागते, पाण्याचा पंप रोज चालतो.

सवलतीचा विषय यालाच लागून आहे. एचडीएफसीचे तेव्हाचे अध्यक्ष दीपक पारेख यांच्या समितीच्या शिफारशीनंतर राज्य सरकारने जानेवारी २०२१ मध्ये बांधकामावरील अधिमूल्यांत ५० टक्के सवलत जाहीर केली. ती ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत होती आणि तिचा लाभ घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क स्वतः भरावे अशी अट होती. करोनाने बांधकामे ठप्प झाली होती, मजूर गावी गेले होते, तेव्हा काहीतरी करणे भाग होते हे मला मान्य आहे. ग्राहकाच्या मुद्रांक शुल्काचा विचार झाला, तोही चांगलाच. पण त्या व्यवहारात वस्ती हा तिसरा पक्ष होता आणि त्याला कोणी बोलावले नाही. सवलतीच्या दरात बांधलेल्या इमारतीत राहायला येणारा माणूस अर्धेच पाणी पीत नाही. अशी सवलत पुढे केव्हाही द्यायची झाली तर ती अधिमूल्यातल्या राज्य सरकारच्या वाट्यातून द्यावी. वस्तीच्या सुविधांच्या शुल्काला हात लावू नये.

पैसा एकीकडे आणि भार दुसरीकडे असे झाले की काय होते, हे मुंबईने गिरणगावात पाहिले आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे ठरवले होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. पैशाऐवजी जमिनीच्याच रूपाने वसूल केलेले ते विकास शुल्क होते, आणि मुंबईत जमिनीहून मोलाचे दुसरे काय आहे? २००१ मधील बदलाने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. जुनी बांधकामे पाडून मोकळी होणारी जमीन तीतून सुटली. तो बदल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये वैध ठरवला. मग लोअर परळ आणि प्रभादेवीत कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले आणि त्यांत येणारी लाखभर माणसे गिरणी कामगारांच्या काळातल्याच स्थानकांवर उतरू लागली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल उभारण्यात आला. पूल बांधणे अशक्य नव्हते, हे त्यावरून दिसलेच. मनोऱ्यांच्या परवानग्यांचा पैसा महापालिका आणि राज्य सरकारकडे जात होता, गर्दी रेल्वेच्या जिन्यावर येत होती, आणि या दोहोंची गाठ घालून देण्याची जबाबदारी कोणाच्याही टेबलावर नव्हती.

उलट उदाहरणही याच शहरात आहे, आणि तेही सव्वाशे वर्षांपूर्वीचे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडताना गरिबांवर जी दांडगाई केली तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु दादर–माटुंग्याच्या योजनेत आधी रस्ते आखले, मलवाहिन्या घातल्या, बागांच्या जागा राखल्या आणि मग भूखंड भाडेपट्ट्याने दिले. हिंदू कॉलनीत आजही जाऊन पाहावे. गल्ल्यांना क्रमांक आहेत, झाडे आहेत आणि पदपथावरून दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकतात. १९३३ मध्ये तो ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. आधी जमिनीखालचे आणि मग जमिनीवरचे, हा त्याचा क्रम मात्र त्या विलीनीकरणात कुठेतरी हरवला असावा.

परदेशाचे दाखले देण्याची मला फारशी हौस नाही, पण एक देतो, कारण तो थेट या विषयाचा आहे. इंग्लंडमध्ये २०१० पासून स्थानिक कौन्सिलांना ‘कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही’ नावाची आकारणी करता येते. कोणत्या भागात, कोणत्या वापराला, चौरस मीटरमागे किती, याचे दरपत्रक आधी जाहीर होते, लोकांचे म्हणणे ऐकले जाते आणि स्वतंत्र परीक्षकाकडून ते तपासून घेतले जाते. लंडनच्या महापौरांनी २०१२ पासून अशीच वेगळी आकारणी करून तिचा पैसा नव्या रेल्वेमार्गासाठी वापरला. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. जमा झालेल्या रकमेपैकी १५ टक्के त्या बांधकामाच्या परिसरातील पॅरिशला, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारख्या सर्वांत खालच्या संस्थेला, द्यावे लागतात. तिथल्या लोकांनी मतदानाने आपल्या परिसराचा आराखडा मंजूर केलेला असेल तर २५ टक्के. शिवाय किती जमले, किती खर्चले आणि कशावर, याचे विवरणपत्र दरवर्षी प्रसिद्ध करण्याचे बंधन आहे. तिकडे राहणाऱ्या माझ्या पुतणीने तिच्या कौन्सिलचे असे एक विवरणपत्र मला पाठवले होते. ते वाचायला निवृत्त माणसाला एक दुपार पुरली. तिकडेही पैसा वर्षानुवर्षे पडून राहतो अशी ओरड असतेच. पण पडून राहिला आहे हे लोकांना कळते तरी.

तसेच्या तसे इथे आणावे असे माझे म्हणणे नाही. पण त्या २५ टक्क्यांसारखी एक तरतूद इथे करता येईल असे वाटते. विकास शुल्क आणि पायाभूत सुविधा शुल्क यांच्या रकमेचा चौथा हिस्सा ज्या प्रभागातून आला त्याच प्रभागात, आणि त्यातही मलवाहिन्या, पर्जन्यवाहिन्या, पाणी, पदपथ आणि मैदाने एवढ्यांवरच, तीन वर्षांच्या आत खर्च व्हावा. त्याचा जमाखर्च विभाग कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर मराठीत लावावा, ज्यात इमारतीचा प्रस्ताव क्रमांक एका रकान्यात आणि झालेले काम दुसऱ्या रकान्यात असेल. परवानगीच्या वेळी मलनिस्सारण खात्याचा अभिप्राय घेतला जातोच. तो त्या एका प्रस्तावापुरता न घेता सबंध गल्लीचा मिळून घ्यावा, आणि वाहिनी अपुरी आहे असे निघाले तर ती बदलल्याशिवाय गल्लीतल्या तिसऱ्या-चौथ्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. ही शेवटची अट विकासकांना जाचक वाटेल. माझा अंदाज वेगळा आहे: ती अट आली की वाहिनीसाठी महापालिकेच्या मागे लागणारा सर्वांत चिवट माणूस विकासकच असेल, आणि आमच्या अर्जांपेक्षा त्याच्या खेपांना अधिक यश येते हे आम्ही पाहिलेले आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला माझ्याच मित्राने, महापालिकेत अभियंता म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाने, घेतला. त्याचे म्हणणे असे की जिथले पैसे तिथेच ठेवले तर वांद्रे, जुहू आणि वरळीत सोन्याचे पदपथ होतील आणि गोवंडी-मानखुर्दला उकिरड्याशेजारीच राहावे लागेल, कारण तिथे जमिनीचा दर कमी आणि खासगी बांधकामही कमी. हे खरे आहे. म्हणूनच मी चौथा हिस्सा म्हणतो, सगळा नाही. उरलेले तीन हिस्से शहराच्या गरजेप्रमाणे खर्च व्हावेत आणि त्यात सर्वांत मागे राहिलेल्या प्रभागांना झुकते माप मिळावे. पण त्या मित्राला मी उलट विचारले, की आज सगळा पैसा एकाच तिजोरीत जातो, मग गोवंडीला झुकते माप मिळाले का? झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांतही वाढीव क्षेत्रावर चौरस मीटरमागे ८४० रुपये पायाभूत सुविधांसाठी घेण्याचा नियम वर्षानुवर्षे होता, आणि तो पैसा झोपडपट्टीच्या परिसराच्या सुधारणेसाठीच वापरायचा असे त्या नियमातच लिहिलेले होते. पुनर्वसनाच्या इमारतींच्या मधल्या गल्ल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागतो, त्या एकदा जाऊन पाहाव्यात. श्रीमंत विभागाचा पैसा गरीब विभागाकडे वळवायचा असेल तर तोसुद्धा हिशेब ठेवूनच वळवता येतो. तो चहा घेत गप्प राहिला. त्याला पटले असा माझा दावा नाही.

पैसाच नाही, हा आक्षेप मात्र मी ऐकून घेणार नाही. महापालिकेच्या मुदत ठेवी काही वर्षांपूर्वी नव्वद हजार कोटींच्या घरात होत्या आणि २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच्या बारा वर्षे आधी, १९९३ मध्येच, पर्जन्यवाहिन्यांची क्षमता तासाला २५ मिलिमीटरवरून ५० वर नेण्याचा अहवाल तयार होता. अडचण तेव्हाही केवळ पैशाची नव्हती. जमिनीखालच्या कामाचे उद्घाटन करता येत नाही, फीत कुठे बांधणार, असे आमच्याकडचे जुने लोक म्हणतात.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढे वर्षानुवर्षे प्रशासकांकडे कारभार होता आणि या काळात विचारायचे कोणाला हाच प्रश्न होता. प्रभागाच्या प्रतिनिधीने निवडून आल्यावर पहिल्या वर्षात एकच कागद मिळवावा असे मला सुचवावेसे वाटते: आपल्या प्रभागात गेल्या दहा वर्षांत मंजूर झालेल्या प्रस्तावांची यादी, त्यांवर वसूल झालेली शुल्के आणि त्याच काळात प्रभागात बदललेल्या वाहिन्यांची लांबी. तीन रकाने. तो कागद आपल्या दैनिकाने विभागवार छापला तर माझ्यासारखे अनेक माजी सचिव आपापल्या कपाटातली मागणीपत्रे काढून ताळा पाहतील.

आमच्या संस्थेच्या मागणीपत्राची आणि माहिती अधिकारातील त्या एका ओळीच्या उत्तराची छायाप्रत सोबत जोडली आहे. त्यांवर नावे आणि पत्ते असल्याने ती छापू नये, केवळ आपल्या माहितीसाठी आहे. वाहिनीच्या मापाचा कागद माझ्याकडे नाही. त्यासाठी कोणत्याही सकाळी आठच्या सुमारास प्रतिनिधी पाठवल्यास गिरणीवाल्याच्या फळीवर उभे राहून मी चेंबर दाखवीन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक माजी मानद सचिव, सहकारी गृहनिर्माण संस्था,
पूर्व उपनगर, मुंबई